भागीरथा विसरली ते वर्ष

मी लग्न होऊन पाळटोल्याला आले तेव्हा सासूनं मला विहीर दाखवली, तलाव दाखवला आणि शेजारच्या कुडाच्या घराकडं बोट करून म्हणाली, "त्या भागीरथाबाईशी जपून बोलजो. ते बाई काई विसरत नाई."

पाळटोला हे आरमोरीहून धानोऱ्याकडे जाताना लागणारं लहानसं गाव. गावाला जंगलाचा वेढा, आणि मोकळी बाजू होती ती तलावाची. तेव्हा गडचिरोली जिल्हा वेगळा झालेला नव्हता, सगळा मिळून एकच चांदा जिल्हा होता. तलाव मालगुजाराचा, शेतं मालगुजाराची, आणि मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, जाऊन दोन-तीन वर्षं झाली तरी लोक गुणवंतरावाला मालकच म्हणत.

भागीरथाबाई मासे धरणाऱ्या ढिवरांतली. साठी ओलांडलेली, काटक, तोंडात दात थोडे आणि शब्द पुष्कळ. घराच्या मागं तिची मुरमुऱ्याची भट्टी होती. तापलेल्या वाळूत ती तांदूळ टाकायची, झाडणीनं दोन हात मारायची आणि पांढरे शुभ्र मुरमुरे बाजूला काढायची. एकटीच राहायची. एकुलती एक मुलगी चंदा जवळच्याच गावात दिलेली होती. नवरा लटारू मी यायच्या वीसेक वर्षं आधी मेला होता, आणि तो कसा मेला हे गावात कुणाला विचारावं लागत नव्हतं, कारण ती दरवर्षी सांगायची.

लटारू मेला त्या उन्हाळ्यात गुणवंतरावाकडे शिकारीला साहेब लोक येणार होते. गुणवंतराव तेव्हा तिशीतला, बाप नुकताच वारलेला, कारभार नवा हातात आलेला. पाहुणे आले त्याच सकाळी तलाव मेलेल्या माशांनी पांढरा झाला होता. कुणीतरी पाण्यात झाडपाल्याचं विष कालवलं होतं. कुणी ते आजवर कळलेलं नाही. पण पाहुण्यांसमोर मालकाची मान खाली गेली आणि त्याला कुणीतरी दोषी हवा होता. लटारूचं जाळं तलावाच्या बांधावर, पाळीवर, वाळत होतं, आणि त्याला विष टाकताना पाहिलं असं कुणीतरी सांगितलं. तेवढं पुरलं. त्याला पाळीवरच्या चिंचेला बांधलं आणि वैशाखाच्या उन्हात दिवसभर तसंच ठेवलं, पाणी न देता. संध्याकाळी सोडला तेव्हा तो उभा राहू शकला नाही. त्यातून तो उठलाच नाही. गावचा पोलिसपाटील मालकाचा चुलतभाऊ. ऊन लागून मेला, असं लिहिलं गेलं.

भागीरथाबाई कचेरीत गेली नाही. पोळ्याची वाट पाहत बसली.

आमच्याकडे पोळ्याला मालकाच्या दारासमोरच्या आखरावर, मोकळ्या पटांगणात, तोरण बांधतात. गावातल्या सगळ्या जोड्या सजवून तिथे उभ्या करतात आणि तोरण तुटायच्या आधी गडी माणसं झडत्या म्हणतात, म्हणजे यमक जुळवून एकमेकांना टोमणे मारतात. लोक हसतात. त्या वर्षी झडत्या संपल्या आणि ही बाई बैलांच्या पुढे जाऊन उभी राहिली. तिची झडती यमकाची नव्हती.

"माहा नवरा लटारू. त्यानं तलावात विष टाकलं नाई. ह्या गुणवंतरावानं त्याले चिंचेले बांधलं आन् पाण्यावाचून मारलं. ध्यानात ठेवा."

एवढंच बोलून ती घरी गेली. पुढच्या पोळ्याला पुन्हा आली. मालकाच्या माणसांनी तिला ओढत बाहेर काढलं. त्याच्या पुढच्या वर्षी मारलं. ती कपाळावर हळद लावून परत आली आणि तेच बोलली. शेवटी गुणवंतरावाच्या लक्षात आलं की मारलं की लोक जास्त ऐकतात. तेव्हापासून ती बोलायला लागली की तो बैलांच्या शिंगांकडे पाहत उभा राहायचा. एके वर्षी त्याच्या मुलाची सोयरीक जमवायला आलेले पाहुणे पोळ्याला थांबले होते. त्यांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपून निघून गेले. सोयरीक मोडली. त्या दिवशी भागीरथाबाईनं गावभर मुरमुरे फुकट वाटले.

मी तिला एकदा विचारलं, "बाई, इतकी वर्षं झाली. अजून राग येते तुमाले?"

"राग येत नाई पोरी," ती वाळू चाळता चाळता म्हणाली. "राग असतोच. जेवण आठवण ठेवून करा लागते का?"

मग पंचावन्न साली तिला झोप येईनाशी झाली. छातीत धडधड व्हायची, पाय सुजायचे. चंदा आली आणि तिला आठवडी बाजाराला घेऊन गेली. तिथे पळसाखाली टेबल मांडून एक डॉक्टर बसायचा. लढाईच्या काळात कुठल्याशा फौजी दवाखान्यात कंपाउंडर होता म्हणे, पण आम्हाला तोच डॉक्टर. त्यानं लाल औषधाची बाटली दिली. बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली, एका खाचेएवढं औषध एका वेळी घ्यायचं. आणि पायांच्या सुजेसाठी मीठ बंद.

औषध गुणकारी निघालं. म्हातारी गाढ झोपू लागली. तिला ते आवडायचंही, कारण त्याची चव खारट होती. आळणी वरणभात खाऊन कंटाळलेली बाई अधूनमधून एक घोट जास्तच घ्यायची आणि ओठ चाटायची. बाटली संपली की दुसरी यायची. बाजारात निम्म्या म्हाताऱ्यांकडे तशीच लाल बाटली असायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी मला पहिल्यांदा शंका आली. तिनं माझ्याकडून चाळणी नेली होती, ती मागायला गेले तर म्हणाली, "कोणाची सून तू?"

मला वाटलं थट्टा करते आहे. तशी थट्टा करणारी ती नव्हती. मग तिची जीभ जड झाली, बोलताना शब्द चिकटायला लागले. चालताना भिंतीचा आधार लागायचा. कपाळावर, गालांवर पुटकुळ्या उठल्या, वयात आलेल्या पोरीला येतात तशा. एक दिवस तापलेल्या वाळूत तिनं झाडणीऐवजी हातच घातला. भाजलेला हात पाहत बसली, ओरडलीसुद्धा नाही. तेव्हा चंदा सासरहून येऊन राहिली.

गावात कुणी म्हणालं म्हातारचळ लागला, कुणी म्हणालं करणी केली. माझ्या सासूनं तर दारावर लिंबू टांगलं. पण सगळ्यात वाईट पुढेच होतं. एका सकाळी भागीरथाबाई कपाळावर ठसठशीत कुंकू लावून ओसरीवर बसली होती. चुलीवर भात चढवलेला. चंदानं विचारलं, "माय, हे काय केलं?"

"तुहा बाप येतेच आता तलावावरून," ती म्हणाली. "उपाशी राह्यते मग."

चंदा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. म्हातारी मात्र मजेत होती. मी कधी ऐकलं नव्हतं इतकं गोड ती त्या दिवसांत बोलायची. लटारू मेला हेच ती विसरली होती, मग त्याला मारणाऱ्याचा राग कुठून राहणार?

ही बातमी गुणवंतरावाच्या कानावर गेली. तो स्वतः आला. पांढरं धोतर, हातात काठी. त्या घराच्या ओसरीवर त्यानं कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. आम्ही कुडाआडून पाहत होतो. भागीरथाबाई उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "या मालक. बसा. चंदे, मालकाले पाणी दे."

तो बसला. तिच्या कपाळाकडे बराच वेळ पाहिलं. "कुंकू शोभून दिसते तुमाले, बाई," म्हणाला. मी कुडाच्या फटीतून त्याचं तोंड पाहिलं. माणूस हसला की डोळेही हसतात. त्याचे हसले नाहीत.

तेव्हापासून बाटलीची चिंता त्यानं आपल्याकडे घेतली. दर बाजाराला त्याचा गडी भरलेली बाटली आणून द्यायचा. "गावची म्हातारी माणसं आमी नाई पाहायची तर कोणी पाहायची?" असं तो चारचौघांत म्हणे. चंदाला एकदा वाटलं की या औषधानंच आई सुस्त पडते, तिनं दोन दिवस दिलं नाही. म्हातारी तळमळली, ओरडली. गुणवंतरावाचा निरोप आला: औषध बंद करू नका, म्हातारीचा जीव जाईल. चंदा घाबरली. पुढची बाटली आणखी गडद रंगाची होती.

त्या वर्षी पोळ्याला काय होईल याची गावाला धाकधूक होती. झडत्या संपल्या. सगळ्यांच्या माना सवयीनं त्या बाजूला वळल्या. भागीरथाबाई चंदाचा हात धरून आली, बैलांच्या पुढे उभी राहिली, आणि तिला पुढचं सुचेना. तिनं इकडेतिकडे पाहिलं. ती इथे कशाला येते हे पायांना ठाऊक होतं, तिला नव्हतं.

गुणवंतराव पुढे आला. हातात नवं हिरवं लुगडं होतं. त्यानं ते तिच्या ओंजळीत ठेवलं. ती एकदम खुलली, खाली वाकली आणि त्याच्या पाया पडली.

तो तिला आपल्या घरी जेवायला घेऊन गेला. पंगतीत बसवलं, स्वतः वाढलं. जाताना लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "देव पाह्यते. खोटं बोलणाऱ्याची जीभच गेली."

चंदा त्या दिवशी जेवली नाही.

हिवाळ्यात, आमचा जिल्हा मुंबई राज्याला जोडला गेला त्याच्या थोड्या पुढे, महारोगाची तपासणी करणारी सरकारी माणसं शाळेत उतरली. त्यांच्यात नागपूरकडची एक बाई डॉक्टर होती. गावातल्या ज्याच्या त्याच्या अंगावरचे चट्टे ती पाहायची. चंदाला आईच्या तोंडावरच्या पुटकुळ्यांची भीती होतीच. मी आणि ती, दोघींनी धरून म्हातारीला नेलं.

डॉक्टरबाईनं अंगावर सुई टोचून पाहिली, डोळे पाहिले, जीभ बाहेर काढायला लावली. जीभ थरथरत होती. "हा महारोग नाही," ती म्हणाली. "या काय घेतात? औषध कोणतं चालू आहे?"

मी धावत जाऊन बाटली आणली. तिनं बूच काढलं, वास घेतला, बोटावर थेंब घेऊन जिभेला लावला. तिचा चेहरा बदलला.

"किती दिवसांपासून?"

"वरीस होऊन गेलं," चंदा म्हणाली.

"आणि जेवणात मीठ?"

"मीठ बंद आहे. सूज येते म्हणून."

डॉक्टरबाईनं बाटली टेबलावर ठेवली. मग आम्हाला समजेल असं सांगितलं. या औषधात ब्रोमाइड म्हणून एक क्षार असतो. त्यानं झोप येते. चार दिवस घेतलं तर शरीर ते बाहेर टाकतं. पण म्हाताऱ्या माणसाच्या शरीरातून ते लवकर निघत नाही, रोज घेतलं की साठत जातं आणि मेंदूवर चढतं. माणूस विसरतो, अडखळतो, नाही ते पाहतो. आणि अंगात मीठ कमी असलं की ते आणखीच घट्ट धरून बसतं.

"म्हणजे माय येडी नाई झाली?" चंदानं विचारलं.

"नाही. यांना वेड नाही लागलं. यांना औषध लागलंय. म्हातारपणी असं पुष्कळांचं होतं. औषध झोपेचं असो की सर्दीचं, लोक म्हणतात वय झालं. बाटली कुणी पाहतच नाही." तिनं छाती तपासली. "हृदय ठीक आहे. हे आजपासून बंद. जेवणात मीठ घाला, पाणी भरपूर पाजा. पहिले काही दिवस त्रास होईल, झोप येणार नाही, मी इथे आहे तोवर रोज पाहीन. हळूहळू येतील त्या."

त्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरबाईनं गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला घरातल्या बाटल्या-पुड्या घेऊन बोलावलं होतं, हेही सांगायला हवं. आमच्या सासूचीही एक बाटली तिनं ओतून टाकली.

पहिले दिवस फार वाईट गेले. म्हातारी बाटलीसाठी हात जोडायची. लटारू दारात उभा आहे, त्याला आत घ्या म्हणायची. चंदा तिला मिठाचं ताक पाजायची. मग एक दिवस तिनं वरणाचा घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कोणी केलं हे? मीठ जास्त झालं."

आम्ही दोघी हसलो. चंदाला हसता हसता ठसका लागला.

त्यानंतर एकेक गोष्ट परत यायला लागली. माझी चाळणी आठवली. कुणाच्या घरी कुठला मुलगा कधी झाला ते आठवलं. पुटकुळ्या सुकल्या, पाय जमिनीवर ठरायला लागले. पण ती अजून लटारूची वाट पाहायची. "तुहा बाप अजून नाई आला?" हे रोज व्हायचं आणि चंदा रोज मान फिरवायची. सांगायचा धीर कुणालाच नव्हता.

एका दुपारी ती एकटीच उठून तलावाकडे गेली. मी लांबून मागे गेले. ती पाळीवर चढली, चिंचेपाशी थांबली, खोडावर हात ठेवला. मग पदरानं कपाळावरचं कुंकू पुसलं. एकदा पुसलं, पुन्हा पुसलं, कातडी लाल होईपर्यंत पुसत राहिली. घरी येऊन चंदाला म्हणाली, "तुहा बाप मेला." जणू तिलाच आता बातमी लागली होती. आणि ती रडली. लटारू मेला तेव्हा ती रडली नव्हती असं सासू सांगते. वीस वर्षांनी ती त्याच्यासाठी रडली, तीही असं की आजूबाजूच्या घरांतली माणसं ओसरीवर येऊन उभी राहिली.

रडणं आटोपल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. "खरं सांग पोरी. मी पोळ्याले गेली होती का?"

मी सांगितलं. कुंकवाचं, मालकाकडून येणाऱ्या गडद बाटलीचं, लुगड्याचं, पाया पडल्याचं, पंगतीचं, काही लपवलं नाही. ती ऐकत होती आणि तिचं तोंड दगडासारखं होत गेलं. मग पेटी उघडून तिनं हिरवं लुगडं बाहेर काढलं, मांडीवर ठेवलं आणि त्यावरून हात फिरवत राहिली. मला तिची भीती वाटली.

"त्यानं मले माझ्याच हातानं विधवेची सवाशीण करून ठेवलं," ती म्हणाली. "आन् मी त्याच्या पाया पडली."

आधी ती बाजारात गेली. चंदा आणि मी बरोबर. पळसाखालच्या डॉक्टरनं तिला ओळखलं आणि हसून म्हणाला, "बाई, तब्येत एकदम फस्ट क्लास दिसून राह्यली."

"बाटली बंद केली म्हून," ती म्हणाली. "मले एक सांग. माही मात्रा कोणी वाढवली?"

तो चपापला. "मालकाचा निरोप होता. म्हातारी चिल्लावते, कोणाले झोपू देत नाई, जरा जोरदार बनवा. मी बनवलं. मालकाले ना कसं म्हणू बाई? मी तुमचं वाईट नाई चिंतलं."

"चिंतलं नाई," भागीरथाबाई म्हणाली. "पाह्यलं बी नाई."

ती तिथेच टेबलाच्या बाजूला बसली. जो म्हातारा, जी म्हातारी औषधाला यायची तिला हात धरून थांबवायची. "हे पिऊन मी माझा नवरा मेला हे विसरली. पोरीले वळखत नव्हती. तुले घ्याचं तर घे, पण घरी सांगून ठेव, विसरायले लागली तर बाटली पाहा म्हणून." संध्याकाळपर्यंत ती बोलत होती. पुढच्या बाजाराला पुन्हा बसली. थोड्याच दिवसांत डॉक्टरनं आमच्या बाजारातून टेबल उचललं. त्याचं पोट गेलं याचं तिला वाईट वाटलं नाही, आणि तसं ती म्हणालीही.

मग तिनं पोळ्याची वाट पाहिली. त्या वेळी ग्रामपंचायतीच्या गोष्टी चालल्या होत्या आणि सरपंच गुणवंतरावच होणार असं सगळे धरून चालले होते. त्यानं तोरणही तसंच बांधलं होतं, आंब्याच्या पानांत झेंडूची माळ गुंफून. झडत्या झाल्या. भागीरथाबाई पुढे आली. हातात ते हिरवं लुगडं होतं. तिनं ते गुणवंतरावाच्या बैलाच्या पाठीवर टाकलं आणि तेच जुने शब्द बोलली. पण आधी ती त्याला गुणवंतराव म्हणायची. या वेळी "हा गुणवंता" म्हणाली.

तो शांत होता. त्यानं याची तयारी केलेली होती. लोकांकडे वळून म्हणाला, "तुमी साऱ्यायनं पाह्यलं आहे. गेल्या साली हेच बाई माह्या पाया पडली. माह्या घरी जेवली. कुंकू लावून फिरत होती, मेलेल्या नवऱ्यासाठी भात शिजवत होती. तिच्या डोक्याचा ठिकाणा नाई. तिच्या शब्दावर काय भरोसा?"

लोकांत कुजबुज झाली. खरंच होतं ते. माझ्या शेजारच्या बाईनंही मान हलवली.

भागीरथाबाई म्हणाली, "पाया पडली. जेवली बी. पण तवा मले मीठ बंद होतं. तुह्या घरचं मीठ माह्या पोटात गेलं नाई गुणवंता, म्हून मी आज बोलू शकतो." काही जण हसले. मग तिनं गर्दीकडे तोंड फिरवलं. "माझ्या डोक्याची परीक्षा पाह्यची आहे ना? पाहा."

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. इतकी वर्षं तिनं एकाच माणसाचं नाव घेतलं होतं. बाकीचं पोटात ठेवलं होतं, कारण गावात राहायचं होतं.

"कोलू, दोरी तुही होती. तुह्या लाल बैलाची. गाठ बी तूच मारली. मंगली, मी पाण्याचा गुंड भरून आणला होता, तुह्या नवऱ्यानं तो लाथेनं उलटवला. वाळूत पाणी गेलं, लटारू त्या वल्या वाळूकडं पाहत होता." ती एकेकासमोर जाऊन उभी राहत होती. कोण सावलीत विडी ओढत होता, कोण घरात जाऊन दार लावून बसला, कुणाच्या आईनं चोरून भाकर आणली आणि मध्येच परत नेली. नाव, जागा, अंगावर कोणतं धोतर होतं तेसुद्धा. लोकांच्या माना खाली जात होत्या. म्हाताऱ्यांना आपलं तरुणपण समोर उभं राहिलेलं दिसत होतं.

शेवटी ती चंदाकडे वळली. चंदा सासरच्या माणसांबरोबर उभी होती, पोळ्यासाठी सगळे आले होते. म्हातारी क्षणभर थांबली. मला वाटलं, इथे गिळेल.

"आन् लटारूले विष टाकताना पाह्यलं असं खोटं सांगणारा झाडू," ती म्हणाली. "लगन लागून गेल्यावर मले समजलं. माझ्या चंदाचा सासरा."

झाडू मागच्या मागे निघून गेला. चंदा जागची हलली नाही.

मग कोलू पुढे आला. सत्तरीचा, कमरेत वाकलेला. त्यानं गुणवंतरावाकडे पाहिलं नाही, भागीरथाबाईकडेही नाही. "दोरी माहीच होती," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "मालकानं सांगतलं, बांध. मी बांधला. दुपारी मी विचारलं, सोडू का. मालक म्हणे, साहेब जेवून जाऊ दे मंग." त्यानं आपल्या जोडीचा कासरा ओढला आणि बैल तोरणापासून वळवले. "हे तोरण मी नाई तोडत."

त्याच्यामागे दुसरा वळला, मग तिसरा. आखरावर धूळ उडाली. सगळ्या जोड्या मारुतीच्या देवळाकडे गेल्या. तोरणाखाली मालकाची जोडी राहिली, एकाच्या पाठीवर हिरवं लुगडं. त्या दिवशी मी त्याच्याकडे नीट पाहिलं तर तो म्हातारा दिसला.

कचेरीत काही झालं नाही, होणारही नव्हतं. पण सरपंच दुसरा झाला. त्याच्या शेतात निंदणीला गावातली माणसं मिळेनात. तलाव पुढे ढिवरांच्या सोसायटीला मिळाला.

चंदाला याची किंमत मोजावी लागली. सासरच्यांनी तिला दीड-दोन वर्षं माहेरी पाठवलं नाही. पुढे झाडू मेला तेव्हा ती आली. माझ्यासमोरच आईला म्हणाली, "माय, माझ्याकडं तरी पाह्यचं होतं."

"पाह्यलं," भागीरथाबाई म्हणाली. "पाहूनच बोलली."

"मग?"

"मग काई नाई. तुह्या बापाकडं बी पाह्यलं होतं मी, चिंचेखाली. तवा काईच नाई बोलली. घरात तू तान्ही होती, म्हून. एकदा तुह्यासाठी गप्प बसली मी, चंदे. दुसऱ्यांदा नाई."

चंदा उठून भट्टीपाशी जाऊन बसली. त्यांच्यात पुढे बोलणं राहिलं, येणंजाणं राहिलं, पण आधीसारखं ते कधी झालं नाही. म्हातारीनं त्याबद्दल पश्चात्ताप दाखवला नाही. तिची झोप परत गेली ती गेलीच. ताप-खोकल्याचं औषध ती घ्यायची, पण देणाऱ्याला आधी विचारायची, "यानं मी काई विसरन का?" आणि उत्तर मिळेपर्यंत तोंड उघडायची नाही.

साठ सालच्या आसपास गुणवंतरावानं घर विकलं आणि मुलाकडे चांद्याला जायचं ठरवलं. सकाळीच सामान दोन गाड्यांत भरलं, तो मागच्या गाडीत गादीवर बसला. निरोपाला फार कुणी नव्हतं. गाडी भागीरथाबाईच्या दारावरून जाणार होती. ती काठी घेऊन बाहेर आली आणि गाडीच्या मागे चालायला लागली.

ती ओरडत नव्हती. नेहमीच्या आवाजात बोलत होती. लटारूचं नाव, चिंच, पाणी, कुंकू, बाटली. गाडीवान बैल जोरात हाकायला पाहत होता, पण ओझं जड होतं आणि रस्त्यात चिखल. गुणवंतरावानं तोंडावर पंचा घेतला. ती शिवेपर्यंत गेली. आम्ही शेतातून पाहत होतो. गाडी जंगलात शिरली तरी ती शिवेच्या दगडाजवळ उभी होती आणि बोलत होती. मग काठी टेकत परत आली आणि मला म्हणाली, "पोरी, तांदूळ भिजू घातले होते. भट्टी पेटवायची आहे, लाकडं दे दोन."